स्वतःची अर्धशिशी मोजणारे कार्ल लॅशली

अर्धशिशीने बेजार झालेला माणूस कारंजा लाडसारख्या गावातून अकोला किंवा अमरावती गाठतो, मेंदूचा एमआरआय काढतो आणि रिपोर्टमध्ये सारे नॉर्मल असल्याचे लिहून येते. घरच्यांना हायसे वाटते. रुग्ण मात्र गोंधळतो, कारण दुखणे तर खरेच असते. हे कोडे सोडवण्यात मोलाची भर घातली ती स्वतः अर्धशिशी असलेल्या एका शास्त्रज्ञाने, तेही स्कॅनची यंत्रे येण्यापूर्वी.

कार्ल लॅशली यांचा जन्म ७ जून १८९० रोजी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या डेव्हिस या गावी झाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९१४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. आठवण मेंदूत नेमकी कुठे साठते, याचा शोध त्यांनी आयुष्यभर घेतला. उंदरांना भुलभुलैयातली वाट शिकवायची, मग मेंदूचा काही भाग काढून ते काय विसरतात हे पाहायचे. आठवणीची एकच ठरावीक जागा काही सापडली नाही. १९३५ मध्ये ते हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले.

अर्धशिशीचा झटका आला की त्यांच्या नजरेपुढे एक आंधळा ठिपका उमटे. त्याच्या कडेला नागमोडी, चमकती रेघ दिसे आणि तो पसरत नजरेच्या कडेकडे सरके. लॅशलींनी या आकृत्या वेळेसह कागदावर उतरवल्या. दृष्टीचे काम करणाऱ्या मेंदूच्या भागाशी त्यांचा मेळ घालून त्यांनी हिशेब मांडला. मेंदूच्या पृष्ठभागावर काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने पुढे सरकत असावे, असा त्यांचा निष्कर्ष १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९४४ मध्ये ब्राझीलचे आरिस्तिदेस लेआओ यांनी सशांच्या मेंदूवर अशीच मंद लाट नोंदवली. ती जाईल तिथे मेंदूपेशींचे विद्युतकार्य काही वेळ थंडावत होते. दोन्ही निरीक्षणांतले साम्य १९५८ मध्ये मांडले गेले. त्याच वर्षी ७ ऑगस्टला लॅशली फ्रान्समध्ये निधन पावले. २००१ मध्ये झटका सुरू असतानाच फंक्शनल एमआरआय काढता आला, तेव्हा लाटेचा वेग मिनिटाला सुमारे ३.५ मिलिमीटर भरला.

नेहमीचा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. गाठ, रक्तस्राव, सूज त्यात दिसते. अर्धशिशी हा मुख्यतः कामकाजातला बिघाड आहे, म्हणून तो त्यात सहसा उमटत नाही. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ दुसरा गंभीर आजार आढळला नाही, एवढाच. दुखणे खोटे, असा नव्हे. काहींच्या रिपोर्टमध्ये बारीक पांढरे ठिपके नोंदलेले असतात. ते अर्धशिशीत, रक्तदाबात आणि वाढत्या वयातही दिसतात. बहुतेकदा घाबरण्याचे कारण नसते, पण अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.

मात्र अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, तापासोबत मान ताठरणे, हातापायातली शक्ती जाणे किंवा बोलणे अडखळणे असे काही झाले, तर जुना नॉर्मल रिपोर्ट विसरून लगेच रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही तपासून घ्यावी. एरवी झटका कधी आला, आधी काय दिसले, किती वेळ टिकला, याची वही ठेवावी. अर्धशिशीचे निदान अशा नोंदींवरूनच होते.