भा. रा. भागवत : विज्ञानकथेला लाभलेले घरगुती शब्द

मराठी विज्ञानकथेच्या इतिहासात दोन टप्पे तुम्हांला ठळकपणे दिसतील. विसाव्या शतकाच्या आरंभी 'केरळकोकीळ' मासिकात ज्यूल व्हर्नच्या कादंबरीचे भाषांतर 'चंद्रलोकची सफर' या नावाने प्रसिद्ध झाले. 1974 मध्ये जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पुरस्कार मिळवून गेली. या दोहोंच्या मधल्या काळाचा विचार करताना अभ्यासक भास्कर रामचंद्र भागवत यांना बहुधा बालसाहित्याच्या कप्प्यात टाकून पुढे जातात. ही वर्गवारी मला अपुरी वाटते.

भागवतांचा जन्म 31 मे 1910 चा. 1951 साली त्यांनी 'बालमित्र' मासिक सुरू केले. पत्नी लीलावती भागवत याही नामवंत बालसाहित्यकार होत्या. मासिकाचा बालवाचक मोठा कठोर असतो. एखादा शब्द अडला की तो अंक मिटून खेळायला जातो. भागवतांची भाषा अशा वाचकासमोर घडली, हे ध्यानात ठेवा.

त्यांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, त्यांची नावेच पाहा. 'चंद्रावर स्वारी' यातील 'स्वारी' हा बखरीतला शब्द. व्हर्नचे प्रवासी तोफेतून चंद्राकडे झेपावतात, म्हणून तो चपखल बसतो. याहून सरस नाव 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. पृथ्वीला घासून गेलेला धूमकेतू काही माणसांसह जमिनीचा तुकडा घेऊन जातो, अशी ती कथा. 'धूमकेतू' हा संस्कृत शब्द हाताशी असताना भागवतांनी लोकांच्या तोंडचा 'शेंडेनक्षत्र' निवडला आणि त्यापूर्वी पत्रावरच्या पत्त्यातला 'मुक्काम' जोडला. आकाशस्थ गोल एका शब्दाने गाव होऊन बसला! (आर्वी, हिंगणघाटकडील घरांतल्या वडीलधाऱ्यांना धूमकेतूसाठी कोणता शब्द ठाऊक आहे, हे अवश्य विचारा.) 'उडती छबकडी' या नावात तर उडत्या तबकडीचा केवळ एक वर्ण बदलून त्यांनी भीतीची जागा कौतुकाला दिली.

पारिभाषिक संज्ञा घडविणाऱ्या समित्यांचे काम मी कमी लेखत नाही. तथापि संज्ञा कोशात जाणे आणि ती वाचकाच्या तोंडी रुळणे या निरनिराळ्या घटना आहेत. कथाकार दुसरी घडवून आणतो. नवी कल्पना परिचित शब्दातून आली, तर तिच्यातील विज्ञान परके वाटत नाही.

लोकप्रियता मात्र त्यांना मिळाली ती फुरसुंगीच्या बनेश ऊर्फ फास्टर फेणे याच्यामुळे. या साहसकथांवर दूरदर्शन मालिका झाली आणि 2017 मध्ये चित्रपट. त्यात खुद्द भागवत हे एक पात्र आहे. ते पाहण्यास ते नव्हते; 27 ऑक्टोबर 2001 रोजी त्यांचे निधन झाले होते. फेणेच्या कीर्तीने अनुवादक भागवत झाकले गेले, असे माझे मत आहे.

पुढील घटकात 'कृष्णविवर' अभ्यासावयाची आहे. तत्पूर्वी 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ग्रंथालयातून मिळवून वाचा, आणि खगोलविषयक शब्दांपैकी तत्सम किती व बोलीतले किती, याची नोंद वहीत करा.