खापरातला हिशेब

गाडगेबाबांचे चित्र डोळ्यांपुढे आणायला आपल्याला कष्ट पडत नाहीत. हातात खराटा, अंगावर चिंध्यांचा सदरा, डोक्यावर नाहीतर हातात ते मडक्याचे खापर. शाळेच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या पाटीवर हेच चित्र असते. २००० साली राज्य सरकारने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले आणि बाबा म्हणजे खराटा हे समीकरण पक्के होऊन गेले. मला मात्र त्यांच्या चरित्रातली दुसरीच एक गोष्ट अधिक मोलाची वाटते, आणि ती आम्हा उपनगरवासीयांच्या दाराशी दर वर्षी येऊन उभी राहते. ती म्हणजे लोकांनी दिलेल्या पैशाबद्दलची त्यांची शिस्त.

त्या शिस्तीचे मूळ शोधायचे तर वऱ्हाडात जावे लागते. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात, परीट कुटुंबात, डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. मामाकडे शेती होती, गुरे होती. पोर शाळेत गेले नाही, पण नांगर धरायला शिकले, गुरे राखायला शिकले, आणि रात्री भजनात रमू लागले. मग त्या सुखी घरात सावकार शिरला. मामाला अक्षर ओळखीचे नव्हते. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवून व्यवहार झाला, कागद काय म्हणतात ते घरात कोणालाच वाचता आले नाही, आणि जमीन गेली. त्या धक्क्यातून मामा उठलाच नाही.

एखाद्याने यातून एवढाच धडा घेतला असता, की कागद हा गरिबाचा वैरी. डेबूजीने उलटा धडा घेतला. पोरांना शिकवा, कर्ज काढू नका, सही कशावर करतो ते समजून घ्या, हे तो माणूस पुढे जन्मभर कीर्तनातून सांगत राहिला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी बायको कुंताबाई, मुले, आई, सगळे मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पूर्णा नदीकाठचे ऋणमोचन हे त्यांच्या कामाचे पहिले मोठे ठिकाण. योगायोग असा, की त्या गावाच्या नावातच कर्जातून सुटका आहे! तिथल्या यात्रेत भाविक चिखलातून घसरत नदीत उतरत. बाबांनी खराटा-फावडे उचलले, लोकांना हाताशी धरले, आणि लोकवर्गणीतून घाट उभा राहिला. मग ही रीतच पडली. नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू इथे धर्मशाळा झाल्या. पंढरपूरला दलित यात्रेकरूंना कोणी उतरू देत नसे, म्हणून तिथे चोखामेळा धर्मशाळा उभी केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात गावाकडून येणाऱ्या रोग्यांच्या नातलगांना फुटपाथवर निजावे लागे, म्हणून तिथे धर्मशाळा झाली. अन्नछत्रे, गोरक्षण, शाळा, वसतिगृहे यांची यादी तर लांबच आहे.

एवढा पैसा आला कुठून? कीर्तनातून. व्यापाऱ्याने थैली दिली, तशी मोलकरणीने पदराची गाठ सोडली. आणि इथेच बाबांचे वेगळेपण सुरू होते. पैशाला स्वतः हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. काम अंगावर घ्यायचे, पैसा चार विश्वासू माणसांच्या हाती सोपवायचा, आणि वास्तू उभी राहिली की विश्वस्त नेमून, दस्त करून तिथून निघून जायचे. जी धर्मशाळा आपण उभी केली, तिच्यावर आपला किंवा आपल्या वारसांचा हक्क नाही, हे त्यांनी पक्के करून ठेवले. घरच्या माणसांनी धर्मादायाचा घास खायचा नाही, असा दंडक होता. लाखो रुपयांच्या इमारती उभारणाऱ्या या माणसाचे कुटुंब साध्या झोपडीत राहिले. चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

मला यातली शहाणीव मोठी वाटते. बाबांवर लोकांची इतकी श्रद्धा होती, की त्यांनी हिशेब दिला नसता तरी कोणी विचारला नसता. पण आपण गेल्यानंतर काय, हा प्रश्न त्यांना पडला होता. श्रद्धा माणसावर बसते आणि माणूस मरतो. मागे उरते ती जमीन, इमारत आणि पेटी. त्यांचा धनी कोण, हे लिहून ठेवले नाही तर जो जवळ असेल तो धनी होतो.

नेमका हाच प्रश्न त्या काळात सरकारपुढेही होता. न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या समितीने त्याचा विचार केला आणि त्यातून मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० आकाराला आला. तेव्हा मुख्यमंत्री होते बाळासाहेब खेर. पेशाने सॉलिसिटर, राहायला खारला, आणि गाडगेबाबांना मनापासून मानणारे. देऊळ असो, मठ असो, दवाखाना असो की धर्मशाळा, सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने नोंदणी केली पाहिजे, हिशेब तपासून घेतले पाहिजेत, विश्वस्त बदलले तर कळवले पाहिजे, आणि धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून स्थावर मालमत्ता विकता कामा नये, असे या कायद्याने ठरवले. बाबा जे आपल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बुद्धीने करत आले होते, ते आता कायद्याच्या भाषेत आले. १९५२ साली त्यांच्या संस्थांसाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले.

हा कायदा आज महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. आपल्या घराशी त्याचा संबंध येतो तो पुढे घातलेल्या ‘४१ क’ या कलमामुळे. नोंदणीकृत विश्वस्त संस्था नसताना धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते आणि जमाखर्च ठेवून सादर करावा लागतो. मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंतच्या कितीतरी गणेश मंडळांची पोरे दर वर्षी त्यासाठी अर्ज करतात. आता तर ही सोय ऑनलाइनही झाली आहे.

मी मुलुंडला राहतो. आमच्या सोसायटीच्या सभेत एकदा विषय निघाला, की वर्गणीला आलेल्या मुलांकडे परवानगीचा कागद मागावा का? एक गृहस्थ म्हणाले, ओळखीची पोरे, मागायला बरे दिसत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारले, दूधवाल्याचा हिशेब आपण मांडतो, तो काय त्याला चोर समजून? सभा हसली, पण उत्तर कोणाकडे नव्हते. त्या वर्षी मुलांनी परवानगीची प्रत जिन्याखाली लावली, आणि विसर्जनानंतर खर्चाचा तक्ताही. मूर्ती, मांडव, वीज, प्रसाद, उरलेली रक्कम, सगळे होते. पुढच्या वर्षी वर्गणी मागताना त्या पोरांच्या आवाजात वेगळाच ताठा होता. हिशेब देणाऱ्याची मान खाली जात नाही, वर येते.

आज पावतीपुस्तकाची जागा मोबाइलवरच्या चौकोनी ठिपक्यांनी घेतली आहे. कुणाच्या शस्त्रक्रियेसाठी, कुठल्या पूरग्रस्तांसाठी आवाहन येते आणि आपण दोन बोटांनी पैसे पाठवून मोकळे होतो. पाठवावेतच, दया आटता कामा नये. पण संस्थेचा नोंदणी क्रमांक काय, पैसे संस्थेच्या खात्यात जातात की कुणाच्या खासगी, पावती मिळते का, एवढे तीन प्रश्न विचारायला दोन मिनिटे पुरतात. खोट्या आवाहनाला दिलेला रुपया नुसता बुडत नाही. खऱ्या गरजूच्या दारात पुढच्या वेळी जाणारा रुपयाही तो अडवतो.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी बाबांनी आपल्या या उपनगरातच, वांद्र्याला, पोलिसांसमोर कीर्तन केले. ते त्यांचे अखेरचे कीर्तन ठरले. त्याचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले, आणि पाठोपाठ २० डिसेंबरला अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर गाडगेबाबांनी देह ठेवला. अंगावरच्या चिंध्या, खापर आणि काठी यांपलीकडे त्यांचे स्वतःचे म्हणावे असे काही नव्हते.

त्यांच्या धर्मशाळांत मात्र त्या रात्रीही परगावचे लोक निजले होते. कोणा वारसाने येऊन त्यांना उठवले नाही. तसे होऊ नये, याची तजवीज त्या निरक्षर माणसाने आधीच कागदावर करून ठेवली होती.