चिंतामणराव देशमुख : रायपूर ते लोदी उद्यान

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मागे वळून पाहताना आपल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम काय उभे राहत असेल? गणेशोत्सवातले नाटक, कोजागरीची गाण्याची बैठक, पडद्यावर दाखवलेला एखादा जुना मराठी चित्रपट, महाराष्ट्रातून आलेल्या विद्वानाचे व्याख्यान आणि या सर्वांच्या शेवटी मांडलेली पंगत. ही सारी धडपड पन्नास वर्षे कशासाठी केली, असा प्रश्न आपली मुले आता विचारू लागली आहेत. त्यांची शाळा हिंदी किंवा इंग्रजी, मित्र छत्तीसगढी, आणि मराठी तेवढी घरापुरती. त्यांना उत्तर देताना एका थोर पुरुषाचे चरित्र आठवते. ऐन तारुण्यात त्याने याच रायपूर जिल्ह्यात सरकारी चाकरी केली आणि उतारवयात दिल्लीत असे एक घर उभारले की जेथे व्याख्यान, गायन, चित्रपट आणि भोजन यांच्या निमित्ताने जगातली माणसे आजही एकत्र येतात. हा पुरुष म्हणजे डॉ. चिंतामण द्वारकानाथ देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईसाठी मंत्रिपद सोडणारे अर्थमंत्री म्हणून मराठी माणूस त्यांना ओळखतो. रायपूरशी असलेला त्यांचा संबंध मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी, मकरसंक्रांतीच्या सुमारास, कुलाबा जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख रोह्याला वकिली करीत. बालपण रोहे-तळे या परिसरात गेले आणि पुढचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात झाले. १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली. त्या यशाचे कौतुक करणारी कविता राम गणेश गडकऱ्यांनी रचली होती. १९१५ साली ते केंब्रिजला गेले. तेथे त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला आणि वनस्पतिशास्त्रातले पारितोषिक मिळवले. १९१८ साली लंडनला झालेल्या आय. सी. एस. परीक्षेतही त्यांचा पहिला क्रमांक आला. संस्कृत आणि वनस्पतिशास्त्र या दोन विद्यांची साथ त्यांनी पुढे कधीही सोडली नाही. मोठमोठ्या पदांवर असतानाही फावला वेळ श्लोकांत आणि बागेत घालवणारा हा गृहस्थ होता.

नेमणूक झाली ती आपल्या या मुलखात, मध्यप्रांत व वऱ्हाडात. राजधानी नागपूर, अर्धा प्रांत मराठी आणि अर्धा हिंदी. रायपूर जिल्हा त्या वेळी विस्ताराने फार मोठा होता. धमतरी, महासमुंद, बलौदाबाजार हे सारे त्यातच मोडत. १९२६ नंतरच्या काही वर्षांत या जिल्ह्याचा जमीन महसुलाचा नवा बंदोबस्त झाला आणि त्याचे बंदोबस्त अधिकारी होते चिंतामणराव.

बंदोबस्त हे काम कचेरीत बसून होण्यासारखे नव्हते. गावोगाव मोजणी व्हायची, प्रत्येक शेताची माती पाहून प्रत ठरवायची. कन्हार, डोरसा, मटासी, भाटा ही आपल्या इथल्या मातीची नावे, आणि प्रत्येकीत भात पिकण्याचा गुण निराळा. त्यानुसार कुळाने मालगुजाराला काय द्यायचे आणि मालगुजाराने सरकारात काय भरायचे, हे पुढच्या कित्येक वर्षांसाठी ठरून जाई. आकडा एका पैशाने चढला तरी एखाद्या कुळाच्या घरी त्याची झळ पोहोचे. कोकणातला, केंब्रिजला शिकलेला हा अधिकारी छत्तीसगढच्या खेड्यांची दैन्यावस्था आणि मातीची प्रत या दोहोंशी अशा रीतीने जवळून परिचित झाला. देशाच्या तिजोरीचा हिशेब पुढे त्यांच्या हाती आला. त्याआधी एकेका कुळाचा हिशेब त्यांनी येथे मांडला होता, ही गोष्ट आपण रायपूरकरांनी विसरू नये.

१९३१ साली लंडनला भरलेल्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या चिटणीस कार्यालयात त्यांनी काम केले. या परिषदेला महात्मा गांधी उपस्थित होते. नंतर नागपूरला प्रांतिक सरकारच्या अर्थखात्याचा कारभार त्यांनी पाहिला. जुलै १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत गेले, १९४१ च्या अखेरीस डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर. जून १९४९ पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले. महायुद्ध, बंगालचा दुष्काळ, स्वातंत्र्य आणि फाळणी अशी ती वर्षे होती. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया घातला गेला, तेव्हा हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात ते होते. युद्धकाळात ब्रिटनकडे साचलेले आपले पौंड आणि गरीब देशांच्या विकासाची निकड, हे दोन्ही विषय शिष्टमंडळाने तेथे नेटाने मांडले. फाळणीनंतर जून १९४८ पर्यंत पाकिस्तानच्या मध्यवर्ती बँकेचे कामही रिझर्व्ह बँकेकडेच होते. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले.

याच धकाधकीत त्यांचा मेघदूताचा मराठी पद्यानुवाद प्रसिद्ध झाला, हे वाचून आज नवल वाटते. घरापासून दूर पडलेल्या एका यक्षाची ती कथा. त्याचे रामगिरी हे स्थान बहुतेक पंडित नागपूरजवळच्या रामटेकला मानतात, तर काहीजण आपल्या सरगुजातील रामगढच्या डोंगराला मानतात. त्या डोंगरातील सीताबेंगरा ही गुहा फार प्राचीन नाट्यगृह म्हणून दाखवली जाते. चिंतामणरावांची पहिली नेमणूक याच प्रांतातली असल्यामुळे त्या काव्यातला मुलूख त्यांना परका नव्हता. आणि घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ते काव्य कुणी समजावून सांगण्याचीही गरज नाही.

खासगी जीवनात त्यांना मोठा आघात सोसावा लागला. त्यांच्या पत्नी रोझिना या इंग्रज होत्या. १९४९ साली त्यांचे निधन झाले. पुढे नेहरूंच्या आग्रहावरून चिंतामणराव नियोजन मंडळात आणि १९५० साली अर्थमंत्रिपदावर आले. १९५२ च्या निवडणुकीत कुलाब्याच्या जनतेने त्यांना लोकसभेवर पाठवले. १९५३ साली त्यांचा विवाह दुर्गाबाईंशी झाला. दुर्गाबाई आंध्रातल्या, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेल्या, घटना समितीच्या सदस्य आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा. या विवाहाला पंडित नेहरू साक्षीदार होते. स्टेट बँकेची स्थापना आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण ही चिंतामणरावांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळातली मोठी कामे होत.

यानंतर त्यांच्या आयुष्यातला कसोटीचा क्षण आला. भाषावार प्रांतरचनेत मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याचे जानेवारी १९५६ मध्ये जाहीर झाले. मुंबईत लोक रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात माणसे मेली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अखेरपर्यंत शंभरांहून अधिक जणांनी प्राण दिले. चिंतामणराव नेहरूंचे विश्वासू सहकारी होते. ज्या कुलाब्याने त्यांना निवडून दिले होते, त्याचाही त्यांच्यावर हक्क होता. मंत्रिमंडळात नीट विचारविनिमय न होता इतका मोठा निर्णय व्हावा आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशीही होऊ नये, हे त्यांच्या मनाला पटेना. जुलै १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि आपली कारणे लोकसभेत स्पष्ट मांडली. देशाचे अर्थमंत्रिपद त्यांनी एका शहरासाठी आणि एका तत्त्वासाठी सोडले. मुंबईसह महाराष्ट्र झाला तो १ मे १९६० रोजी.

त्याच पुनर्रचनेने आपल्या रायपूरकर मराठी कुटुंबांचेही भवितव्य ठरले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, रायपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले आणि राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. ज्यांच्या वाडवडिलांनी नागपूरला आपली राजधानी मानले होते, ती माणसे घर न बदलता एका रात्रीत परप्रांतातली झाली. २००० साली छत्तीसगढ राज्य झाल्यावर आपले शहरच राजधानी झाले. मराठी मात्र येथे थोड्यांचीच भाषा राहिली.

मुंबईसाठी सत्ता सोडणारा माणूस पुढे केवळ मराठीपुरता उरला असता, तर ते स्वाभाविक ठरले असते. चिंतामणरावांनी तसे केले नाही. राजीनाम्यानंतर ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले आणि देशातल्या विद्यापीठांच्या कामात त्यांनी लक्ष घातले. त्याच काळात दिल्लीत एक आंतरराष्ट्रीय केंद्र उभारण्याची कल्पना पुढे आली. डॉ. राधाकृष्णन आणि अमेरिकेतील जॉन रॉकफेलर तिसरे यांच्या बोलण्यातून ती निघाली होती. रॉकफेलर प्रतिष्ठानने अर्थसाहाय्य दिले, लोदी उद्यानाला लागून जागा मिळाली, विद्यापीठे सदस्य झाली आणि संस्थेच्या अध्यक्षपदाची धुरा चिंतामणरावांवर आली. जोसेफ स्टाइन या वास्तुशिल्पकाराने आराखडा केला. ३० नोव्हेंबर १९६० रोजी जपानचे युवराज अकिहितो यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि २२ जानेवारी १९६२ रोजी उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे उद्घाटन केले.

हे केंद्र म्हणजे आहे तरी काय? एक सभागृह, एक ग्रंथालय, पाहुण्यांसाठी खोल्या, भोजनगृह आणि भोवती बाग. संध्याकाळी कधी व्याख्यान, कधी गायन-वादन वा नृत्य, कधी देशोदेशीचे चित्रपट, आणि कार्यक्रम संपल्यावर भोजन. यादी वाचली तर आपल्या मंडळाच्या वार्षिक अहवालाचीच आठवण व्हावी! फरक आहे तो आकाराचा आणि आवाक्याचा. तत्त्व मात्र एकच आहे. व्याख्यानात ज्यांचे मत जुळत नाही, अशी दोन माणसे नंतर एका मेजावर जेवायला बसली की त्यांचा वाद चालूच राहतो, पण त्यातला कडवटपणा उतरतो. गाणे ऐकायला आलेला मनुष्य बाजूच्याची भाषा जाणत नसला तरी मान त्याच्याबरोबरच डोलावतो. म्हणून अशा संस्थेत भोजनगृह हे सभागृहाइतकेच महत्त्वाचे. आपल्या पूर्वजांनी कीर्तनानंतर प्रसादाची आणि उत्सवानंतर पंगतीची प्रथा पाडली, तिचे मर्मही हेच असावे.

हे सारे त्या पदाच्या शोभेसाठी नव्हते. १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरूही होते. १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार आणि १९७५ ची पद्मविभूषण ही त्यांच्या सेवेची पावती होय. १९६९ साली राष्ट्रपतिपदाची निवडणूक त्यांनी लढवली आणि त्यात ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. संस्कृताची साधना अखंड चालू होती. गांधीजींची निवडक वचने त्यांनी संस्कृत श्लोकांत आणली होती आणि अमरकोशावरील त्यांचा ग्रंथ वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, १९८१ साली, प्रकाशित झाला. त्याच वर्षी दुर्गाबाई गेल्या. पुढच्या वर्षी, २ ऑक्टोबर १९८२ रोजी, म्हणजे गांधीजयंतीच्याच दिवशी, चिंतामणरावांनी हैदराबादला देह ठेवला. दिल्लीच्या त्या केंद्रातील सभागृह आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

त्यांच्या चरित्रातून आपण काय घ्यावे? आपल्यापैकी काहींना वाटते की परप्रांतात मराठी टिकवायची तर मंडळाचे दार आपल्यापुरतेच उघडे असावे. काहींना वाटते की या मातीशी एकरूप व्हायचे तर मराठीचा आग्रह आता सोडून द्यावा. घरोघरी हा वाद आहे आणि तरुण पिढी त्याला कंटाळून मंडळाकडे पाठ फिरवते आहे. चिंतामणरावांच्या आयुष्यात या दोन गोष्टी एकमेकींच्या आड आल्या नाहीत. मराठी जनतेच्या न्याय्य मागणीसाठी त्यांनी मंत्रिपद सोडले, कालिदास मराठीत आणला, आणि त्याच हातांनी सर्व जगासाठी घर बांधले. आपल्या भाषेवर पक्के पाय रोवून उभा असलेला मनुष्यच परक्याला निर्भयपणे घरात घेऊ शकतो, अशी साक्ष त्यांचे जीवन देते.

मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांसाठी त्यांच्या या शिकवणीहून निराळा संकल्प आपल्याला शोधावा लागणार नाही. नाटक मराठीच असावे, पण शेजारच्या छत्तीसगढी कुटुंबाला त्याचे आमंत्रण जावे. व्याख्यानाला एखादा हिंदी लेखकही यावा, पंडवानीच्या गायिकेलाही आपल्या रंगमंचावर मानाने बसवावे. आणि पंगतीत पुरणपोळीशेजारी एखादे दिवशी चिला आणि फराही वाढला जावा. ज्या मातीची प्रत चिंतामणरावांनी शेतोशेती पारखली, तिच्यातच आपली मुले वाढत आहेत. त्यांनी मराठी विसरू नये आणि या मातीलाही परकी मानू नये, एवढे जरी आपल्या सभागृहातून साधले, तरी पन्नास वर्षांच्या श्रमांचे सार्थक झाले असे म्हणता येईल.