विश्लेषण : श्रेयनामावलीतला तो ‘आणि’ नेमका कुणाचा?

मराठी रंगभूमीवर शिट्ट्यांचा मान मिळवणारे डॉ. काशिनाथ घाणेकर पडद्यावर मात्र तेवढे का उरले नाहीत?

धान घरात आले की झाडीपट्टीतील नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या मंडळ्या गावोगावी निघतात, शंकरपट आणि मंडईच्या निमित्ताने रात्रभर प्रयोग रंगतात. आलापल्ली-अहेरीकडच्या प्रेक्षकाला नट ओळखायला टीव्ही लागत नाही. कोणाच्या प्रवेशाला मंडपात टाळी पडते, एवढे त्याला पुरते. अशा प्रेक्षकाला डॉ. काशिनाथ घाणेकर हे प्रकरण लगेच कळेल. मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक रंगभूमीवर नटाच्या प्रवेशाला शिट्टी वाजू लागली ती त्यांच्यापासून, असे आजही सांगितले जाते. या नटाचा शेवटही विदर्भातच झाला. नाटकाच्या दौऱ्यावर असताना २ मार्च १९८६ रोजी अमरावतीत त्यांचे निधन झाले.

‘आणि’ची भानगड काय?

नाटकाच्या श्रेयनामावलीत सर्व कलाकारांची नावे होत आणि सर्वात शेवटी, थोडे थांबून ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ अशी घोषणा होई. या एका उभयान्वयी अव्ययाने नाट्यगृह पेटत असे. एरवी नाव वर यावे म्हणून नट भांडतात. घाणेकरांनी शेवटची जागा सर्वात मोठी करून दाखवली. त्यांच्यावरील २०१८ च्या चित्रपटाचे नावही त्या ‘आणि...’नेच सुरू होते, ते यामुळे.

दाताचा डॉक्टर रंगभूमीवर कसा आला?

घाणेकर मूळचे चिपळूणचे. शिक्षणाने दंतवैद्य, नावामागचे ‘डॉक्टर’ तिथले. व्यवसाय सोडून ते पूर्णपणे नाटकाकडे वळले. तेव्हा शिकलेल्या माणसाने असे करणे घरच्यांना रुचणारे नव्हते.

त्यांना नाव मिळवून दिले ते १९६२ साली ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकाने. लेखक वसंत कानेटकर, संस्था गोवा हिंदू असोसिएशन, शिवाजी महाराजांच्या भूमिकेत मास्टर दत्ताराम आणि संभाजीराजे काशिनाथ घाणेकर. या भूमिकेचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. त्याआधीच्या अनेक मराठी नाटकांत संभाजीराजे उतावळे आणि व्यसनी असेच रंगवले गेले होते. वा. सी. बेंद्रे यांचे संभाजी चरित्र १९६० साली प्रसिद्ध झाले आणि अस्सल कागदपत्रांच्या आधारे त्या चित्राला मोठा धक्का बसला. पाठोपाठ आलेल्या कानेटकरांच्या नाटकात संभाजी आहे तो घरातल्या राजकारणात होरपळलेला मुलगा. बाप छत्रपती असला तरी त्याला हवा आहे तो फक्त बाप. ऐतिहासिक नाटक म्हणजे भरजरी पोशाख आणि लांबलचक भाषणे, या सवयीच्या प्रेक्षकाला घाणेकरांनी सिंहासनाजवळचा दुखावलेला तरुण दाखवला. त्यांचे देखणेपण आणि आवाजातली धार इथे पहिल्यांदा नीट कामी आली.

लाल्या एवढा का गाजला?

चार वर्षांनी कानेटकरांचेच ‘अश्रूंची झाली फुले’ आले. ‘नाट्यसंपदा’च्या या नाटकात प्रा. विद्यानंद झाले प्रभाकर पणशीकर आणि लाल्या झाले घाणेकर. लाल्या म्हणजे कॉलेजातला उनाड, दादागिरी करणारा पोरगा. प्राध्यापक त्याला माणसात आणतात. मग खोट्या आरोपात तेच प्राध्यापक तुरुंगात जातात आणि बाहेर येतात ते सूडाने पेटून. सुधारलेला शिष्य एकीकडे, घसरलेला गुरू दुसरीकडे, अशी ही जुगलबंदी.

नाटकाचा नायक तसा प्राध्यापकच. पण प्रेक्षक वाट पाहत लाल्याच्या प्रवेशाची. त्याची चाल, बोलण्यातली बेफिकिरी, खांदे उडवणे हे सारे कॉलेजच्या पोरांनी उचलले. सिनेमाच्या नटाला मिळते तसले वेड मराठी नाटकाच्या नटाला मिळाले आणि मध्यमवर्गीय प्रेक्षागृहात पिटातला प्रेक्षक शिरला. काही जाणकारांना हे रुचले नाही, टाळीसाठी थांबणारा नट अशी नाराजी होती. ती अगदी निराधार नव्हती. पण ‘हाउसफुल्ल’ची पाटी लागत होती, आणि त्यावर नाटकातल्या अनेकांची चूल पेटत होती, हेही तितकेच खरे.

‘गारंबीचा बापू’, ‘आनंदी गोपाळ’, ‘तुझे आहे तुजपाशी’, ‘गुंतता हृदय हे’ अशी नाटकांची यादी पुढे वाढत गेली. कोकणातल्या माणसाने श्री. ना. पेंडसे यांचा बापू रंगवणे हा एक वेगळाच योग.

मग पडदा का जिंकता आला नाही?

कामे मिळाली नाहीत, असे नाही. १९६४ साली राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ आला. पत्नीच्या मृत्यूनंतर हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी स्त्री आरोपी म्हणून समोर उभी राहते, अशा पेचातला वकील घाणेकरांनी साकारला. कथा इतकी पकडणारी की दोन वर्षांत राज खोसला यांनी तिच्यावर ‘मेरा साया’ काढला. हिंदीत वकील झाले सुनील दत्त. ‘मेरा साया’ देशभर पोहोचला, ‘पाठलाग’ मराठीपुरता राहिला. भालजी पेंढारकरांचा ‘मराठा तितुका मेळवावा’, राजदत्त यांचा पहिला चित्रपट ‘मधुचंद्र’ (१९६७) आणि पुढे १९७६ चा ‘हा खेळ सावल्यांचा’ हे त्यांचे ठळक मराठी चित्रपट. ‘हा खेळ सावल्यांचा’मधले ‘गोमू’चे गाणे ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा, पण ते पडद्यावर कोणी म्हटले हे विचारले तर अनेक जण अडतात. हिंदीत ‘दादी माँ’ आणि ‘अभिलाषा’ केले, दोन्हींत इतर मोठ्या नावांच्या गर्दीत.

लाल्याचे तर आणखी विचित्र झाले. त्याच नाटकावर १९६९ साली ‘आँसू बन गये फूल’ हा हिंदी चित्रपट निघाला. त्याच्या कथेसाठी कानेटकरांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. प्राध्यापक होते अशोककुमार आणि तरुणाची भूमिका गेली देब मुखर्जींकडे. १९८४ मध्ये यश चोप्रांनी याच नाटकाच्या आधारे ‘मशाल’ केला, तेव्हा दिलीपकुमारांसमोर उभा होता अनिल कपूर. लाल्या ज्यांनी घडवला, ते घाणेकर दोन्ही वेळा हयात होते.

याला केवळ नशीब म्हणता येणार नाही. साठच्या दशकात मराठी चित्रपट वर्षाला मोजकेच निघत. त्यातही तमाशाप्रधान आणि ग्रामीण कथांचा जोर, शिकलेल्या शहरी नायकाला जागा थोडी. शिवाय घाणेकरांची ताकद समोरच्या माणसांवर पोसलेली होती. टाळी आली की ते फुलत. कॅमेऱ्याकडून टाळी येत नाही.

घसरण कशी सुरू झाली?

सत्तरच्या दशकात हवा बदलली. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्येच आले होते. १९७० च्या डिसेंबरात ‘नटसम्राट’ आले आणि डॉ. श्रीराम लागू हे नाव सर्वतोमुखी झाले. तेही डॉक्टरच, कान-नाक-घशाचे. पण त्यांचा अभिनय मोजलेला, आतून येणारा. प्रेक्षक दोघांची तुलना करू लागला आणि घाणेकरांची शैली हळूहळू जुनी ठरू लागली.

त्यातच दारू. त्यांच्या पत्नी कांचन घाणेकर या ज्येष्ठ अभिनेत्री सुलोचनादीदींच्या कन्या. त्यांनी ‘नाथ हा माझा’ या आत्मचरित्रात नवऱ्यावरचे प्रेम लपवले नाही आणि त्याचे व्यसनही लपवले नाही. नाटकाच्या धंद्यात याची किंमत रोख मोजावी लागते. नाट्यगृहाचे भाडे भरलेले असते, जाहिरात गेलेली असते, तिकिटे विकलेली असतात. मुख्य नट वेळेवर उभा राहील याचा भरवसा नसेल, तर कंत्राटदार पुढची तारीख देताना दहादा विचार करतो. एके काळी ज्या नावावर तारखा विकल्या जात, त्याच नावाबद्दल ही धाकधूक सुरू झाली. तरीही काम थांबले नाही. शेवटच्या दिवसांतही ते दौऱ्यावरच होते.

आज काय उरले आहे?

ठाण्यात त्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. २०१८ च्या दिवाळीत अभिजित देशपांडे दिग्दर्शित आणि सुबोध भावे अभिनीत चरित्रपट आला. ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’सारखा अवाढव्य चित्रपट समोर असूनही प्रेक्षकांनी त्याला गर्दी केली आणि लाल्या न पाहिलेल्या पिढीने लाल्याला टाळ्या दिल्या.

खुद्द घाणेकरांचा लाल्या पाहण्याची सोय मात्र नाही म्हणावी इतकी कमी. मुंबई दूरदर्शन सुरू झाले १९७२ च्या ऑक्टोबरात. ‘रायगडाला’ आणि ‘अश्रूंची’चा बहर त्याआधीचा, तेव्हा नाटके चित्रित करून ठेवण्याची पद्धत नव्हती. फोनवर त्यांचे नाव टाकले की समोर येतात ती चित्रपटांची गाणी आणि ‘पाठलाग’मधला तो गोंधळलेला वकील. त्या चित्रपटात साक्षीदाराकडे रोखून पाहताना त्यांचा आवाज एकदम खाली उतरतो. ज्यांनी त्यांचे नाटक पाहिले नाही, त्यांनी सुरुवात तिथून करावी.