सागाची झाडे मोजणारे ब्रँडिस साहेब

आपल्या गडचिरोली जिल्ह्यात सागाचे झाड पाहिले नाही असा माणूस सापडणार नाही. पण साग किती तोडायचा आणि किती ठेवायचा याचे गणित मांडणाऱ्या साहेबांचे नाव पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांचे नाव डीट्रिच ब्रँडिस. त्यांची माहिती मी सांगते.

ब्रँडिस यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजी जर्मनी देशात बॉन या शहरी झाला. त्यांचे वडील प्राध्यापक होते. मोठेपणी ब्रँडिससुद्धा वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. जंगलखात्याचे शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. पण त्यांच्या पत्नीचे नातेवाईक हिंदुस्थानात होते, त्यांच्याकडून त्यांचे नाव लॉर्ड डलहौसी यांच्या कानावर गेले. जानेवारी १८५६ मध्ये ब्रँडिस ब्रह्मदेशातील पेगू प्रांतात सागाच्या जंगलाचे मुख्य अधिकारी म्हणून आले. ब्रह्मदेशाला आता म्यानमार म्हणतात. तेव्हा तिथे इंग्रजांचे राज्य होते.

त्या काळी जहाजे सागाची बनत. १८५३ साली मुंबई ते ठाणे रेल्वे सुरू झाली आणि लाकडाची भूक आणखी वाढली. एका मैलाच्या रुळाखाली १७६० ते २००० लाकडी स्लीपर लागत! व्यापारी चांगला साग बघून तोडत सुटले. मागे काय उरेल याची फिकीर कोणाला नव्हती.

ब्रँडिस साहेबांनी ठरवले की तोडायच्या आधी मोजायचे. ते हत्तीवर बसून जंगलात फिरत. पावसात कागद भिजून जातो, म्हणून हातात लाकडाच्या काड्या आणि एक चाकू. झाडांचे त्यांनी घेराप्रमाणे चार वर्ग केले. घेर चार हात म्हणजे सहा फूट किंवा जास्त असला तर पहिला वर्ग. तीन ते चार हात दुसरा वर्ग. एक ते तीन हात तिसरा. त्याहून बारीक ते सगळे चौथ्यात. झाड दिसलं की त्या वर्गाच्या काडीवर खाच पाडायची. आपल्या शाळेतही चार वर्ग आहेत, पण तिथे पहिलीतले सर्वांत मोठे आणि चौथीतले लहान, याची मला गंमत वाटली.

आता त्यांचे गणित बघा. समजा, एका जंगलात पहिल्या वर्गाची २४० झाडे आहेत. दुसऱ्या वर्गातले झाड पहिल्यात जायला २४ वर्षे लागतात. मग २४० भागिले २४ बरोबर १०. वर्षाला १० झाडेच तोडायची, अकरावे नाही. ती २४० संपेपर्यंत मागची झाडे मोठी होऊन तयार असतात. गणित सोपेच आहे, पण ते पाळणे सोपे नव्हते. रंगूनच्या लाकूड व्यापाऱ्यांना हे मुळीच आवडले नाही. त्यांना जंगल मोकळे हवे होते.

तिथे तोडायची रीतही वेगळी. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून आधी बुंध्याभोवती साल गोल कापतात. झाड उभ्या उभ्या वाळते. दोन-तीन वर्षांनी ते पाडून नदीत सोडतात, मग ते तरंगत जाते.

तिथल्या डोंगरात कारेन लोक राहत. ते जंगलाचा तुकडा तोडून जाळत, भात पिकवत आणि मग दुसरीकडे जात. साहेबांनी त्यांना भाताबरोबर सागाची रोपे लावायला सांगितली व त्याबद्दल पैसे देऊ केले. लोक पुढे गेले की मागे साग वाढे. पुस्तकात याची फार स्तुती आहे. पण मी हे आजीला वाचून दाखवलं तर तिने विचारलं, की साग वाढल्यावर ते लोक भात पेरायला परत कुठे आले असतील? मला आजीचं बरोबर वाटतं. शिवाय नुसता सागच सगळीकडे लावला तर मोहफुले, चारोळी, तेंदूपाने कुठून आणायची?

१८६४ साली ब्रँडिस साऱ्या हिंदुस्थानच्या जंगलखात्याचे पहिले मुख्य झाले. १८७८ मध्ये डेहराडूनला जंगलखात्याची शाळा निघाली, ती त्यांच्यामुळे. देवरायांचेही त्यांना कौतुक होते. देवाच्या नावाने लोकांनीच राखलेले रान त्यांनी पाहिले होते. सरपणासाठी आणि गुरांसाठी गावाला स्वतःचे जंगल असावे असे त्यांचे मत होते. पण १८७८ च्या कायद्यात सरकारचाच हक्क मोठा ठरला. गावाच्या जंगलाबद्दल त्यात लिहिले होते, पण ते बहुतेक कागदावरच राहिले. गरिबांच्या शेळ्यामेंढ्यांना चरायला जागा उरली नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या शेतकऱ्याचा असूड या पुस्तकात जंगलखात्यावर म्हणूनच कडक टीका केली आहे.

त्याच १८८३ साली ब्रँडिस साहेब नोकरी संपवून परत गेले. म्हातारपणी त्यांनी हिंदुस्थानातील झाडांवर मोठे पुस्तक लिहिले. त्यात झाडे, झुडपे, वेली, बांबू अशा चार हजारांहून जास्त जातींची माहिती आहे. ते १९०६ साली छापले आणि २८ मे १९०७ रोजी बॉन येथे ते वारले.

गावाच्या जंगलाचे काम मात्र मागेच राहिले. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला. २००९ साली आपल्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कोणता बांबू तोडायचा आणि कोणता ठेवायचा हे तिथे ग्रामसभा ठरवू लागली. ब्रँडिस साहेबांना जाऊन तेव्हा १०२ वर्षे झाली होती.