अ‍ॅमी जॉन्सन

वैमानिक बाई म्हटली की आपल्याला तिची भरारी आठवते. मला अ‍ॅमीच्या हातातला पाना आठवतो. १९०३ साली इंग्लंडात हल शहरी मासळीच्या व्यापाऱ्याच्या घरी तिचा जन्म झाला. बी. ए. होऊन ती लंडनला वकिलाच्या कचेरीत लागली आणि फावल्या वेळात विमान चालवायला शिकली. दुरुस्त करायलाही शिकली; १९२९ मध्ये विमानाच्या यंत्रज्ञाचा परवाना मिळवणारी ती ब्रिटनमधली पहिली स्त्री.

वडिलांच्या व लॉर्ड वेकफील्ड यांच्या मदतीने तिने जुने ‘जिप्सी मॉथ’ घेतले. लाकडी सांगाडा, वर कापड, डोक्यावर छप्पर नाही. गुरू व शिष्य अशा दोघांच्या बैठकीचे हे विमान. पण हिच्या पुढच्या बैठकीत पेट्रोलची टाकी! ५ मे १९३० रोजी क्रॉयडनहून ती एकटी ऑस्ट्रेलियाला निघाली. सहा दिवसांत कराची, मग झाशी, कलकत्ता. रंगूनजवळ इन्सीनला शाळेच्या मैदानावर उतरताना मात्र विमान चरात गेले. नाकावरचा पंखा मोडला, पंख फाटला. तिथल्या तंत्रशाळेची मंडळी धावली. महायुद्धातल्या उरलेल्या विमानी कापडाचे सदरे कुणी शिवले होते, ते उसवून पंखाला ठिगळे लावली. ठिगळ लावणे आपल्याला काय नवे! पण या ठिगळांवर पुढे समुद्र ओलांडायचा होता. हिंकलरचा साडेपंधरा दिवसांचा विक्रम हुकला, तरी २४ मे रोजी ती डार्विनला उतरली.

लग्न झाले, मोडले. युद्धात विमाने पोचवण्याचे काम करताना ५ जानेवारी १९४१ रोजी ती टेम्सच्या मुखाशी बुडाली. देह मिळाला नाही. तिचे ते विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.