सरफोजीराजे भोसले : वनौषधींची पारख करणारा तंजावूरचा राजा

तंजावूरच्या मराठी राज्याचे अधिपती सरफोजीराजे भोसले (दुसरे) हे सरस्वती महाल ग्रंथालयामुळे सर्वपरिचित आहेत. त्यांनी उभारलेल्या धन्वंतरी महालाची माहिती मात्र महाराष्ट्रात फार थोड्यांना आहे. वनस्पतींतील अँटिऑक्सिडंट द्रव्ये कंपवातापासून, म्हणजे पार्किन्सन विकारापासून, संरक्षण देऊ शकतील काय, याचा शोध आज जगभर सुरू आहे. या पार्श्वभूमीवर औषधाची पारख रुग्णाच्या नोंदीवरून करणाऱ्या या राजाचे चरित्र लक्षणीय ठरते.

सरफोजीराजांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले कुळात झाला. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावूरला मराठी राज्य स्थापन केले होते. त्याच गादीवरील तुळजाराजांनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी सरफोजींना दत्तक घेतले. त्या वेळी त्यांचे वय अवघे नऊ वर्षांचे होते. तुळजाराजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी दत्तकविधान अमान्य ठरवून गादी मिळविली आणि बालराजाच्या वाट्याला नजरकैदेचे जिणे आले.

जर्मन धर्मोपदेशक ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांनी या मुलाची कड घेतली. १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला हलविण्यात आले. तेथे त्यांना इंग्रजी भाषेचे आणि पाश्चात्त्य विद्यांचे शिक्षण मिळाले. अखेर त्यांचा हक्क मान्य होऊन जून १७९८ मध्ये त्यांना राज्याभिषेक झाला. तो सोहळा पाहण्यास श्वार्ट्झ हयात नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले होते.

राज्यवैभव अल्पकाळच टिकले. ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावूरचा किल्ला व लगतचा परिसर, वार्षिक एक लाख पागोड्यांचा तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. बावीस वर्षांच्या या राजाने आपले उर्वरित आयुष्य व धन विद्येच्या कामी लावले. ग्रंथालयासाठी देशोदेशीचे ग्रंथ मागविले, १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना काढला आणि सुमारे तीन हजार माणसांच्या लवाजम्यासह केलेल्या काशीयात्रेत हस्तलिखितांचा संग्रह केला.

धन्वंतरी महाल हे त्यांचे विशेष आवडीचे कार्य होय. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारे वैद्य एकाच छताखाली काम करीत. माणसांप्रमाणेच पशुपक्ष्यांवरही तेथे उपचार होत. औषधी वनस्पतींची बाग होती व वनस्पतींची रंगीत चित्रे काढून घेतली जात. अनुभवास उतरलेले उपचार पुढे तमिळ पद्यात ग्रथित झाले. ते शरभेंद्र वैद्य मुरैगळ या नावाने प्रसिद्ध आहेत. नेत्ररुग्णांची लक्षणे, उपचार व परिणाम यांची टिपणे ठेवली जात. ही टिपणे आजही उपलब्ध असून आधुनिक नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे.

याच काळात, १८१७ मध्ये, लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी सहा रुग्णांच्या निरीक्षणावरून कंपवाताचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला. हातापायांचा कंप हा वाताचा विकार म्हणून आयुर्वेदाला परिचित होताच. खाजकुइली, म्हणजेच कपिकच्छू, ही वनस्पतीही भारतीय वैद्यकात पूर्वापार वापरात होती. १९३७ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी तिच्या बियांतून लेव्होडोपा हे द्रव्य वेगळे केले. पुढे १९६० च्या दशकात लेव्होडोपा हेच कंपवातावरील प्रमुख औषध ठरले.

लेव्होडोपा मेंदूतील डोपामिनची उणीव भरून काढते. ते उत्पन्न करणाऱ्या पेशींचा ऱ्हास मात्र थांबवीत नाही. या ऱ्हासाला ऑक्सिडीकरणाचा ताण काही अंशी कारणीभूत असावा, असे मानले जाते. म्हणूनच हळदीतील कर्क्युमिन, हिरव्या चहातील पॉलिफेनॉल, कांद्यातील क्वेर्सेटिन अशा अँटिऑक्सिडंट द्रव्यांकडे संशोधकांचे लक्ष गेले. प्रयोगशाळेतील पेशींवर व प्राण्यांवर त्यांचे परिणाम आशादायक दिसले. मानवी रुग्णांत मात्र असे संरक्षण अद्याप सिद्ध झालेले नाही. वनस्पतिजन्य तेलांत आढळणारे ई जीवनसत्त्व हे याचे ठळक उदाहरण आहे. अमेरिका व कॅनडातील सुमारे ८०० रुग्णांवर त्याची चाचणी झाली; १९९३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार रोगाची वाढ त्याने मंदावली नाही. खाजकुइलीच्या चूर्णाची लंडनमध्ये आठ रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत चूर्णाचा परिणाम प्रचलित गोळ्यांपेक्षा लवकर सुरू झाल्याचे दिसले. पण तो लेव्होडोपाचा गुण होता आणि रुग्णसंख्या अगदी अल्प होती. लेव्होडोपाची मात्रा काटेकोर असावी लागते. त्यामुळे वैद्यकीय सल्ल्यावाचून चूर्ण घेणे अथवा चालू औषध सोडणे धोक्याचे ठरते.

सरफोजीराजांचे ७ मार्च १८३२ रोजी निधन झाले. त्यांचे पुत्र दुसरे शिवाजीराजे १८५५ मध्ये निवर्तल्यावर तंजावूरची गादीही संपुष्टात आली. ग्रंथालय मात्र टिकले आणि १९१८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. वनस्पती प्राचीन आहे किंवा तिची ख्याती मोठी आहे, एवढ्याने ती औषध ठरत नाही. कोणाला दिली, किती दिली आणि गुण आला की नाही, हे लिहून ठेवावे लागते. तंजावूरच्या राजवाड्यात दोनशे वर्षांपूर्वी हे काम सुरू होते. कंपवाताच्या रुग्णांना आज ज्या उत्तराची प्रतीक्षा आहे, तेही अशाच नोंदींतून मिळणार आहे.